पडद्यावर तीनदा मेलेली सुमन

सुमनच्या प्रज्ञाचा दिलसुखनगरहून फोन आला तेव्हा मी काचीगुड्याच्या घरात भाजी निवडत होते. “मावशी, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. त्याला आता दीड महिना झाला. पण त्या क्षणी मनात आलं ते भलतंच... सुमनला मेलेली मी याआधीही पाहिली होती.

आमची ओळख एका जुन्या टीव्ही मालिकेतली. प्रसूतिगृहाची गोष्ट होती, चित्रीकरण इथे हैदराबादेतच चाले. मी त्यात गोरीगोमटी, हसरी नर्स. सुमनच्या घरचे मराठवाड्यातून आलेले, बौद्ध. रंग सावळा, आवाज खणखणीत, नाटकात मोठ्या भूमिका केलेली. मालिकेत मात्र बंगल्यातल्या सुनांना नावं असत, डोहाळे असत, बाहेर येरझाऱ्या घालणारे नवरे असत. सुमनच्या बाईला नाव नसे. वस्तीतून उशिरा आणलेली, किंचाळणारी आणि भाग संपता संपता मरणारी... मग डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी येई आणि प्रेक्षक त्या पाण्याकडे बघून रडत. एकाच मालिकेत ती तीनदा मेली. लुगडं बदललं की झालं. बाजारात लोक मला ‘नर्सम्मा’ म्हणून थांबवत. शेजारी उभ्या असलेल्या सुमनला कुणी कधी ओळखलं नाही.

चौथ्यांदा बोलावलं तेव्हा ती खरोखरच गरोदर होती. प्रज्ञा पोटात होती. दिग्दर्शकाला म्हणाली, “साहब, इस बार बाई को जीने दो.” तो हसला. “मरनाच है अम्मा, कहानी वैसीच है.” मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “अपशकुन वाटतो का गं?”

“शकुन-बिकुन मी मानत नाही, नलू. पण माझ्यासारखी बाई बाळ घेऊन घरी गेलेली एकदा तरी दिसू दे की लोकांना.”

दिवे लागले. ती ओरडली, शांत झाली. ठरल्याप्रमाणे मी चादर तिच्या तोंडावर ओढली, तर तिनं आतून माझं मनगट धरलं. चादर खाली सारली आणि घामानं भिजलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत म्हणाली, “मेरा बच्चा दिखाओ.” कुणी हललं नाही. मी टॉवेलात गुंडाळलेली बाहुली तिच्या छातीवर ठेवली... ‘कट’ ऐकू आलं ते कितीतरी वेळानं. दुपारी दुसऱ्या बाईला आणून तो प्रसंग पुन्हा घेतला. सुमन भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून बघत होती. “मेलीच बघ,” एवढंच बोलली. तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. प्रज्ञा सुखरूप जन्मली, सुमननं अफझलगंजच्या एका ऑफिसात नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत केली.

पण टीव्हीवर कुठे बाळंतपण लागलं की तिचा फोन यायचा, अगदी म्हातारपणीही. “लाव गं, बघू ही जगते का.” बंगल्यातली सून असेल तर लगेच ठेवून द्यायची. वस्तीतली असेल तर दोघी आपापल्या घरी, फोन कानाला लावून, न बोलता बघायचो. तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा.

परवा एका नव्या मालिकेत वीटभट्टीवरची बाई अडली होती. नर्सनं तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं. मी पुढे सरकून बसले... बाळ रडलं, आणि बाईनं दोन्ही हात पुढे केले. माझ्या बोटांनी सवयीनं सुमनचा नंबर लावला होता. पलीकडे कुणीतरी उचलला.

“वाचली गं, वाचली!” मी म्हणाले.

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग प्रज्ञानं हळूच विचारलं, “कोण वाचली, मावशी?”