चाळीसला टॉप

गाडीत बसण्याआधी तो चपला काढायचा. सीटखाली जोडून ठेवायचा. पेडल तळपायाला कळलं पाहिजे, म्हणायचा.

अर्धा चहा बशीत ओतायचा आणि आधी कपातला संपवायचा. बशीतला शेवटी, पार गार झाल्यावर.

दुसऱ्याच्या गाडीत बसला की डोळे मिटायचा. झोपायचा नाही. इंजिन ऐकायचा.

कुणी चुकीच्या वेळी गिअर टाकला की दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करायचा.

घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवायचा नाही. इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवायचा. पंखा तापलेला असतो, त्याला तेल मिळू दे, म्हणायचा. तेवढ्यात आरसा पुसून व्हायचा.

राग आला की कन्नडमध्ये आकडे मोजायचा. ओंदु, एरडु, मूरु. चारच्या पुढं गेलेला मी ऐकला नाही. चारला तो बोलायला लागायचा.

शिवपुत्र हेब्बाळे. मूळचा कुरुंदवाडचा. वीस वर्षं राजारामपुरीत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होता. वय बेचाळीस. मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि त्याच गल्लीतल्या क्लासमध्ये दहावीच्या पोरांना व्याकरण शिकवू लागलो. गाडी त्याच्याकडे शिकलो. तो मला मास्तर म्हणायचा, मी त्याला अण्णा. अहो-जाहो त्यानंच पहिल्या आठवड्यात बंद करायला लावलं. "क्लच सोडंपर्यंत तुझं अहो संपत न्हाय. गाडी बंद पडती."

स्कूल बाळासोंचं. त्यांच्या वडिलांनी, गणपतरावांनी सुरू केलेलं. ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता होता, किती वेगाला कुठला गिअर टाकायचा याचा. गणपतरावांनी अठ्ठ्याऐंशी साली तांबड्या ऑइलपेंटनं स्वतः रंगवलेला. दहाला दुसरा. वीसला तिसरा. तीसला चौथा. चाळीसला टॉप. नवीन विद्यार्थी आला की आधी हा तक्ता पाठ करायचा. पाढ्यासारखा, उभं राहून, मोठ्यानं. मीही केला. दसऱ्याला गाड्यांना हार घातले की एक हार तक्त्याला असायचा. गणपतरावांच्या फोटोला दुसरा.

तो तक्ता खोटा नव्हता. स्कूलच्या जुन्या डिझेल जीपपुरता खरा होता. तिला लवकर टॉपला टाकली तरी ती कुरकुरत ओढायची आणि डिझेल वाचायचं. आख्ख्या कोल्हापुरातले ड्रायव्हर असेच चालवायचे आणि कट्ट्यावर बसून एव्हरेजच्या गप्पा मारायचे.

दोन हजार तीन साली बाळासोंनी टर्बो डिझेल गाडी घेतली. सात सीटची. शिकवायलाही आणि गोव्याच्या भाड्यालाही. दोन ड्रायव्हर ठेवले. ते तक्त्यावर शिकलेले. चार महिन्यांत गाडी काळा धूर टाकू लागली. चढाला धापा टाकू लागली. बाळासो म्हणाले, कंपनीनं फसवलं. अण्णा म्हणाला, कंपनीनं नाही, भिंतीनं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. टर्बो म्हणजे काय, मी विचारलं. आम्ही चहाच्या गाड्यावर उभे होतो.

"लोहाराचा भाता बगितलाईस?"

"बघितलाय."

"तसंच. इंजिनचा धूर बाहेर जाताजाता एक पंखा फिरवतोय. त्यो पंखा इंजिनात हवा कोंबतोय. जाळ वाढतोय, ताकद येती. आता सांग, भाता वडतोय कोण?"

"धूर."

"व्हय. आन् टॉप टाकून इंजिन रडवत ठेवलंस, तर धुराला जोर कुठला? मग भाता कोण वडणार? तुजा आज्जा?"

मग त्यानं आकडे सांगितले. किलोमीटरच्या काट्याकडं बघायचंच नाही. शेजारी आरपीएमचा काटा आहे, तो बघायचा. पंधराशेच्या खाली टर्बो झोपलेला असतो. गावात, सपाटीला, दोन हजाराच्या जरा वर गेला की गिअर बदलायचा. मग पुढच्या गिअरात काटा पंधराशेच्या आसपास उतरतो आणि पंखा फिरत राहतो. चढाला अडीच हजारांपर्यंत ओढायची. त्याच्या वर नुसतं डिझेल जळतं. सकाळी गार इंजिनाला पहिला किलोमीटर छळायचं नाही.

"आन् ओव्हरटेक करायच्या आदी खालचा गिअर. आदी. नुस्ता एक्सलेटर दाबून टर्बोची वाट बगत बसायचं न्हाय. त्यो येतोय, पन उशिरा येतोय. तवर समोरचा येतोय."

हे त्यानं बाळासोंना वीस वेळा सांगितलं असेल. त्याचं म्हणणं एवढंच होतं की टर्बो गाडीसाठी वेगळा तक्ता करा. जुना पुसा नाहीतर शेजारी नवा लावा, पण या गाडीवर पोरांना 'चाळीसला टॉप' शिकवू नका. कुणीतरी मरेल. हे शब्द त्याचे आहेत, माझे नाहीत.

डिसेंबरात ऑफिसात सगळ्यांसमोर भांडण झालं.

"आबांनी ह्या तक्त्यावर तीन हजार माणसं शिकवली," बाळासो म्हणाले. "एक अपघात न्हाय."

"आबा देवमाणूस, मालक. पन ही गाडी आबांनी बगितली व्हती काय?"

"जपून बोल, शिवपुत्र."

"तिचं बारसं केल्तं काय त्यांनी?"

शिकायला आलेली दोन पोरं हसली. बाळासोंचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. मालकाला गाडीपेक्षा भिंत मोठी वाटत होती, एवढं लिहितो.

शेवटी पैज ठरली. चंदगडला बाळासोंच्या पाहुण्यांकडून तांदळाची पोती आणायची होती. जाताना अण्णानं त्याच्या पद्धतीनं चालवायची. येताना बाळासोंनी तक्त्याप्रमाणं. एव्हरेज ज्याचं चांगलं, तो बरोबर. अण्णा हरला तर त्यानं दुसरी नोकरी बघायची. बाळासो हरले तर तक्ता पुसायचा.

"येताना पोती आसणार," अण्णा म्हणाला. "भरल्या गाडीवर तुमचं एव्हरेज पडणारच. ह्ये बरूबर न्हाय. मीबी येकदा भरून चालवतो, मग बगू."

"भीक नको तुझी," बाळासो म्हणाले.

मला मागं बसवलं. आकडे मी कागदावर लिहिणार होतो. दोघं वाटेत भांडत बसतील म्हणून मी एक अट घातली. जो चालवत नाही त्यानं बोलायचं नाही. एक अक्षर नाही. दोघांनी मान्य केली.

अट माझी होती. दुसरं कुणी सांगायच्या आत मी सांगतो.

जानेवारीत, रविवारी सकाळी निघालो. जाताना अण्णानं गाडी अशी चालवली की मी मागं बसून अर्धा डोसा खाल्ला आणि चटणी सांडली नाही. दोन हजाराला गिअर, चढाला एक खाली, वळणाआधी खालचा गिअर, वळणात नाही. धूर नाही. बाळासो खिडकीतून शेतं बघत होते. एकदाच त्यांची नजर आरपीएमच्या काट्यावर गेली आणि परत फिरली. चंदगडला पोचल्यावर टाकी भरली, आकडा काढला. बाळासोंनी तो दोनदा काढायला लावला. गेल्या चार महिन्यांत गाडीनं दिला नव्हता इतका चांगला होता. बाळासोंनी किल्ली मागून घेतली. पोती चढवायला सांगितली.

पोती चढत होती तेव्हा अण्णानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, आपला तक्ता लिही. आता पुसणार त्यो जुना. नवा तयार पाहिजे."

पाहुण्यांच्या कट्ट्यावर बसून मी लिहायला लागलो. दोन भाग. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी. प्रत्येकात सपाट आणि चढ. रिकाम्या गाडीचं त्यानं न अडखळता सांगितलं. भाषा मी सुधारली, तर रागावला. "तुजं ऱ्हस्व-दीर्घ ठेव. पन 'आवश्यकतेनुसार' खोड. ड्रायव्हरला आवश्यकता कळत न्हाय, काटा कळतोय."

मी खोडलं. भरलेल्या गाडीला आलो. सपाटीचं सांगून झालं. चढाचे पहिले दोन गिअर सांगितले. मग थांबला.

"तिसऱ्यातनं चवथ्यात कवा टाकायची, ह्ये ऐकल्याबिगर सांगत न्हाय. भरून ही गाडी मी चढाला चालवल्याली न्हाय. येताना ऐकतो. घरात गेल्यावर लिहू."

निघालो. बाळासो चालवत होते. अण्णा शेजारी, चपला काढून, डोळे मिटून. दहाला दुसरा. वीसला तिसरा. तीसला चौथा. चाळीसला टॉप. पाच पोती तांदूळ आणि तीन माणसं. प्रत्येक गिअरला गाडी हुंदका देत होती. अण्णाचं तोंड वाकडं होत होतं. पण तो बोलला नाही. वीस किलोमीटर बोलला नाही. तो ओंदु, एरडु करत होता का ते मला मागून दिसलं नाही.

नेसरी मागं पडल्यावर एक लांब चढ लागला. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या. आम्ही टॉपमध्ये होतो. वेग बेचाळीस. आरपीएमचा काटा मला मागूनही दिसत होता, तेराशेच्या जवळ. बाळासोंनी हॉर्न दिला, गाडी उजवीला काढली आणि एक्सलेटर तळापर्यंत दाबला.

काही झालं नाही.

खरंच काही झालं नाही. इंजिन घरघरलं, मागं काळा धूर गेला. आम्ही मागच्या ट्रॉलीला समांतर झालो आणि तिथंच राहिलो. ट्रॅक्टर तेवढाच पळत होता जेवढे आम्ही. चढाच्या टोकावर दुधाचा टेम्पो दिसला. खाली येत होता.

अण्णानं डोळे उघडले. "तिसरा टाका, मालक."

बाळासो म्हणाले, "गप."

हे मी ऐकलं. पोलिसांना सांगितलं. त्यांनी ते लिहिलं नाही. त्यात अपघाताचं कारण नाही म्हणाले.

"तिसरा," अण्णा परत म्हणाला, आणि हात दांडीकडं नेला. बाळासोंनी क्लच दाबला नाही. पाय एक्सलेटरवरच होता. आणि तेव्हा टर्बो आला. उशिरा येतो, तसा आला. ब्रेक मारायची वेळ होती तेव्हा गाडी पुढं उसळली. बाळासोंनी स्टिअरिंग डावीकडं ओढलं. टेम्पो आम्हाला चुकवून गेला. आमची डावी बाजू दोन ट्रॉल्यांच्या मधल्या लोखंडावर गेली.

डाव्या बाजूला अण्णा होता.

मला सहा टाके पडले. बाळासोंचा हात मोडला. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी गडहिंग्लजच्या दवाखान्यात वारला. मी बाहेर बाकावर होतो. कुणीतरी येऊन सांगितलं आणि मी विचारलं, "कोण?" एवढंच सुचलं.

पेपरात आलं, गाडीवरील नियंत्रण सुटल्याने. बाळासो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला प्लास्टरमधला हात दाखवून सांगायचे, "टर्बोच्या गाड्याच वाईट. मधीच उसळत्यात." कट्ट्यावरचे ड्रायव्हर मान हलवायचे. आता राजारामपुरीत हेच खरं आहे. कुणी मला विचारत नाही. मी कुठं ड्रायव्हर आहे. मी व्याकरणवाला.

चौदाव्या दिवशी अण्णाची बायको बसम्मा ऑफिसात आली. मी तिथंच होतो. बाळासो उठून उभे राहिले. तिनं बसायला नकार दिला.

"मालक, तुमी गिअर चुकवत व्हतासा तर ह्यांनी सांगितलं न्हाय?"

बाळासोंनी माझ्याकडं बघितलं.

"अट होती, वैनी," मी म्हणालो. "बोलायचं नाही अशी. मी घातली."

ती माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही.

"वीस वरसं मला त्येस्नी गप बसवाय आलं न्हाय, मास्तर. तुमी कसं बसवलंसा?"

बाळासोंनी तेवढ्यात पाणी मागवलं. तिनं घेतलं नाही. ती गेल्यावर बाळासो मला म्हणाले, "लई मनाला लावून घेऊ नकोस." मी त्यांच्या मोडक्या हाताकडं बघितलं आणि दुसरा हातही मोडावा असं मला वाटलं. तसं वाटल्याबद्दल मला खंत नाही.

त्यांनी ती गाडी भंगारात दिली आणि जुन्या धाटणीची एक घेतली. जुना तक्ता पुसला नाही. पैज पूर्ण झाली नाही ना, म्हणाले. येतानाचं एव्हरेज निघालंच नाही.

आता रस्त्यावर टर्बो गाड्या वाढत चालल्यात. दर महिन्याला कुणीतरी नवी घेतं आणि बाळासोंच्या स्कूलमध्ये शिकायला येतं. मी नवा तक्ता पूर्ण करायचं ठरवलं. दोन ड्रायव्हरांना विचारलं. एक म्हणाला बावीसशे. दुसरा म्हणाला, चढाला चौथ्यात टाकूच नका. एका मेकॅनिकनं विचारलं, पोती किती, चढ कसला, आणि हसला. अण्णा ऐकून सांगणार होता. त्यानं ऐकलं असेल. वीस किलोमीटर तो तेच करत होता. त्याला कळलंही असेल.

कागद माझ्याकडं आहे. त्यावर तेलाचा एक डाग आहे आणि 'आवश्यकतेनुसार' खोडलेलं दिसतं. भरलेली गाडी, चढ, पहिल्यातून दुसऱ्यात: गाडी हलली की लगेच. दुसऱ्यातून तिसऱ्यात: अडीच हजार. तिसऱ्यातून चौथ्यात, याच्यापुढं मी टिंबं घातली होती. जागा राहू दे म्हणून.