स्टँडकडचं फाटक
सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी सोडली की तो मातकट हिरवा वास येतो आणि मला घाटंजीचा आठवडी बाजार आठवतो. तेव्हा मी सार्वजनिक धोरणासाठी कायदा आणि अर्थशास्त्र शिकत होते. भाजीवाल्या नगरपरिषदेने बांधलेले नवे ओटे सोडून रस्त्यावर का बसतात, हे मला परीक्षेच्या प्रकल्पासाठी शोधायचं होतं. उत्तर माझ्याकडे तयारच होतं: दंड वाढवा. सांबार विकणाऱ्या एका बाईला मी तसं सांगितलं, तर ती हसली. "दंड वाढोला तं आम्ही भाजी महाग करू, जागा नाई सोडणार. ओट्याइकडे यायचं बस स्टँडकडचं फाटक बंद हाय. गिऱ्हाईक ओट्यावर येईन कोठून?" मी जाऊन पाहिलं, फाटकाला गंजलेलं कुलूप होतं. दंडाचा मसुदा मी फाडला आणि नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांसमोर एकच शिफारस ठेवली. "फाटक उघडा? एवढंच?" त्यांनी विचारलं. "एवढंच, साहेब," मी ठामपणे म्हणाले. फाटक उघडलं. पुढच्या महिन्यात गेले तर ती बाई ओट्यावर बसली होती आणि भोवती गिऱ्हाइकांची गर्दी होती. "काय वो मॅडम, पास झाल्या काय?" तिने विचारलं. निकाल लागायचा होता, तरी मी "हो" म्हणाले. आज मी हाच विषय शिकवते, आणि ते "हो" मला अजूनही खरंच वाटतं.