रविवारी काय खाल्लं

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत माझ्या रक्तात साखर निघाली. चाळिशीला टेकले होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि घाटकोपरला दोन खोल्यांत एकटीच राहत होते. स्टेशनजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. त्यांनी लगेच गोळ्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी खाणं सुधारू. दिवसभरात जे तोंडात टाकाल ते सगळं लिहून ठेवा. लाजायचं नाही."

मी लिहू लागले. चहा, दीड चमचा साखर. खारी. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी. लिहावं लागतंय म्हटल्यावर हात आपोआप आवरू लागला. खारीच्या जागी मोडाची मटकी आली. ऑफिसात कुणाच्या बढतीचा पेढा आला की मैत्रिणी म्हणायच्या, "घे गं, वहीत नको लिहूस ना!" मी अर्धा घ्यायची आणि अर्धाच लिहायची.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पानं चाळली. "छान आहे की. पण रविवार कोरे का? उपास करता?"

"नाही."

"मग?"

काय सांगणार? इतर दिवशी दुपारी ऑफिसात आम्ही चौघी डबे उघडून बसायचो. रविवारी मात्र सकाळपासून दारादारांतून मटणाच्या वाटणाचा वास यायचा, मग सगळे टीव्हीपुढे बसायचे आणि जिना सुना पडायचा. मी चहा पिऊन पेपर घेऊन लोळायची. एका जिवासाठी कुठे कुकर लावायचा, असं वाटायचं. संध्याकाळी कधीतरी पाव खायची, तोही लिहावासा वाटायचा नाही.

"भूकच लागत नाही हो," मी म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. "लागो न लागो, शिजवायचं. मला एकही पान कोरं नको."

त्या रविवारी मी बाजारातून लाल माठाची जुडी आणली, बांगडे आणले, नाचणीच्या भाकऱ्या थापल्या. हाताला अजून आईच्या वेळची, दोघींच्या स्वयंपाकाची सवय, त्यामुळे सगळं जास्त झालं. समोरच्या खोलीत एक काका राहायचे. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, बायको वारलेली, मुलगा बिऱ्हाड करून मानखुर्दला. खानावळीचा डबा त्यांना रोज यायचा, पण रविवारी खानावळ बंद. केळी आणि पाव घेऊन जिना चढताना मी त्यांना कितीदा पाहिलं होतं. ताट झाकून मी दार वाजवलं.

त्यांनी फडकं उचललं. "नाचण्याची भाकरी? किती वर्सांनी गो बघतंय! तू जेवलंस?"

"अजून नाही, काका."

"मगे तुझा ताट पण हयच घेवन ये. एकट्यान काय जेवूचा?"

तेव्हापासून रविवारची जेवणं त्यांच्या खोलीत होऊ लागली. मागांच्या खडखडाटात जन्म गेलेला, त्यामुळे काका मोठ्यानं बोलायचे. "डॉक्टरणीन मीठ पण बंद केल्यान काय?" ते विचारायचे, आणि आमच्या आमटीत मीठ कमी पडलंय हे अख्ख्या मजल्याला कळायचं. मला खूप हसू यायचं. शनिवारी संध्याकाळीच मी उद्या काय करायचं ते ठरवू लागले.

दिवाळीच्या आधी मुलाला मोठी जागा मिळाली आणि तो त्यांना न्यायला आला. काकांनी ट्रंक उचलू दिली नाही, स्वतःच धरली. "रविवारी येत जा गो," म्हणाले.

एकदा गेले, बसनं, भाकऱ्या बांधून. सुनेनं माझं चांगलं आगतस्वागत केलं. कोंबडी-वडे वाढले, नको नको म्हणताना आणखी वाढले. एक नातू काकांच्या मांडीवर, एक पाठीवर. त्यांचं माझ्याकडे लक्ष होतं, पण मध्येमध्ये. भाकऱ्या सुनेनं रात्रीसाठी ठेवून दिल्या. परतताना बसमध्ये मला बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं, आणि तरी रडू येत होतं. पुन्हा गेले नाही. काही बिनसलं नव्हतं. जायला निमित्त उरलं नव्हतं, एवढंच.

रविवारचा स्वयंपाक मात्र मी सोडला नाही. मापानं एकटीपुरती डाळ, एकटीपुरती भाजी. पहिले काही रविवार घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. मग जेवण जेवणासारखं होऊ लागलं. चव लागायची, बोलायला कोणी नसायचं. रेडिओ लावून जेवायची.

वर्षभरानं साखर उतरली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "आता लिहायची काही गरज नाही. तुम्हाला सगळं कळलंय."

मी वही पर्समध्ये टाकली, उठले आणि दाराशी थांबले. "तरी लिहून आणलं, तर बघाल?"

बाहेर पेशंट बसलेले होते. त्यांनी एकदा दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "आणा की."

त्यांनी दवाखाना दुसरीकडे हलवेपर्यंत मी वही नेत राहिले.