दामू खिडकीशी उभा राहायचा

पोस्टकार्डाचा कोपरा फाटलेला होता, म्हणून मी पोस्टमनवर ओरडलो. "अहो, टपाल जरा नीट आणत चला की!" तो बिचारा खाली बघत म्हणाला, "मास्तर, आधी वाचा तर." कार्डाचा कोपरा कशासाठी फाडतात हे ऐन वेळी न आठवणारा इतिहासाचा प्राध्यापक म्हणजे मी. डोंबिवलीला दामू खांबेटे झोपेतच गेला होता... त्याला आता महिना झाला.

आम्ही दोघं कल्याणला एका शाळेच्या इमारतीत, सकाळच्या वेळी, इंटरच्या मुलांना शिकवत असू. मुंबईचं कॉलेज न परवडणारी ती मुलं. निम्मी गावातली, निम्मी निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी. मध्ये लाकडी पार्टिशन. अलीकडे माझा इतिहास, पलीकडे दामूचं तर्कशास्त्र. मी वहीतून नोट्स सांगायचो. दामू एक प्रश्न टाकायचा आणि पाठ फिरवून, खिडकीचा गज धरून उभा राहायचा. गावातल्या मुलानं कॅम्पातल्या शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं, त्यानं ते खोडून काढायचं. उत्तर आलं की दामू वळायचा, आणि ते चुकलेलं असलं तरी खूश दिसायचा. तोवर गोंगाट असा की माझी मुलं माझं सोडून पलीकडचं ऐकत.

"अरे, अख्खा तास वाया घालवतोस!" मी म्हणायचो.

"घालवतो. तू तुझा सांभाळ."

एकदा तो माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसला, आणि नेमकं त्याच दिवशी मी वहीतलं एकच पान दोनदा सांगितलं. अशोकानं कलिंग जिंकला, पश्चात्ताप केला, आणि लगेच जाऊन पुन्हा जिंकला. पन्नास माना खाली. एकाचंही पेन थांबलं नाही. माझंही तोंड थांबलं नाही. चहाच्या वेळी दामू म्हणाला, "पश्चात्ताप काही खरा नव्हता रे त्याचा!" मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. आणि संध्याकाळी वर्गाच्या चालकांकडे जाऊन त्याच्या गोंगाटाची तक्रार केली. वर, "माझं नाव नको," असंही सांगून आलो.

दुसऱ्या दिवसापासून दामू नोट्स सांगू लागला. पार्टिशनपलीकडून त्याचा एकसुरी आवाज यायचा... स्वल्पविराम, पूर्णविराम, पुढे लिहा. मला हवी ती शांतता मिळाली, आणि माझा तास संपता संपेना. वर्षअखेर त्यानं शिकवणंच सोडलं आणि मुंबईत एका कचेरीत चिकटला.

गेल्या दिवाळीनंतर डोंबिवलीला त्याच्याकडे गेलेलो. दोन वाक्यांत त्याला दम लागत होता. वहिनींनी पोहे आणून ठेवले. एकदम म्हणाला, "तेव्हा तक्रार कुणी केली होती रे?" आणि उठून, पाठ फिरवून, खिडकीचा गज धरून उभा राहिला. चिडून नव्हे, वर्गात राहायचा तसाच.

मी पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसलो. मग म्हणालो, "वहिनी, मीठ किंचित कमी पडलंय." दामू वळला नाही. मी निघालो तेव्हाही तसाच बाहेर बघत म्हणाला, "ये रे पुन्हा. घाई नाही."

परवा गेलो. वहिनी आत चहा टाकत होत्या. खोलीत मी एकटा. खिडकीच्या एका गजाचा रंग, त्याचा हात पोहोचायचा तेवढाच, उडालेला.

"मीच केली, दामू," मी म्हणालो.

"काही हवंय का, भावोजी?" वहिनींनी आतून विचारलं.

उत्तर बरोबर होतं. पण खिडकीशी कुणी वळलं नाही.