तांब्याच्या ठोकळ्यावरचं कुंकू

माझी पीएचडी चिंचेने अडकवली. म्हैसूरला येताना आईने डबाभर चिंच दिली होती, आणि तांबं काळवंडलेलं दिसलं की माझा हात आपोआप चालतो. प्रयोगशाळेतला तांब्याचा ठोकळाही मी दर सोमवारी चिंच-मीठ लावून लखलखीत करायचे. सरांना वाटायचं, काय ही शिस्त.

या ठोकळ्यावर माझा नमुना बसायचा, केसापेक्षा कितीतरी पातळ थर. त्याचं एक टोक ठोकळ्याने गरम करायचं, दुसरं खोलीच्या तापमानाला ठेवायचं आणि त्या फरकातून किती वीज निघते ते मोजायचं. ठोकळ्याचं तापमान घ्यायला उष्णता टिपणारा कॅमेरा होता. एवढ्याशा फरकात एवढी वीज, असा फक्कड आकडा मला मिळाला होता. सरांनी तो परिषदेत मिरवला, मी घरी फोन करून मिरवला. पेपर चार दिवसांत पाठवायचा होता आणि त्यावर माझी पदवी अवलंबून होती.

मग आयुधपूजा आली, आपली खंडेनवमी. इथे त्या दिवशी पंक्चरवाल्याचा पंपसुद्धा झेंडू घालून बसतो. सुट्टीनंतर मोजलं तर आकडा निम्म्यावर. ठोकळ्यावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा.

लॅब सांभाळणारे काका इथल्या नजरबाद भागातले, कित्येक पिढ्या म्हैसूरचेच मराठे.

“काका, हे कुणी केलं?”

“मीच लावलो की. स्वल्प कुंकू. यंत्राला नको काय?”

“तुमच्या स्वल्प कुंकवाने माझी तीन वर्षं पाण्यात गेली असती,” मी सगळ्यांसमोर म्हणाले.

“बिडी, पुसा मग,” म्हणून ते निघून गेले; बिडी म्हणजे कानडीत ‘जाऊ द्या’. दुपारी आमच्यात जेवायलाही बसले नाहीत.

मी पुसलं. आकडा परत फक्कड. अर्धा तास फार सुखाचा गेला. मग डोक्यात किडा वळवळला: हीटर तोच, नमुन्यातून निघणारी वीजही तेवढीच, बदललं होतं फक्त कॅमेऱ्याला दिसणारं तापमान. चकचकीत धातू कॅमेऱ्याला आहे त्यापेक्षा थंड दिसतो, फरक कमी भासतो आणि आकडा फुगतो, म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवतात. हे मी स्वतः ज्युनियरांना शिकवते. आणि मीच तिथे चिंच घासत बसले होते. पट्टी लावून मोजलं. कुंकू असतानाचाच निम्मा आकडा आला.

टिळा पुसलेला होता, गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. तासभर तोही विचार केला, खोटं कशाला सांगू. शेवटी सरांना सांगितलं. त्यांनी वाकून ठोकळा पाहिला. “फारच स्वच्छ आहे,” एवढंच म्हणाले. पेपर थांबला. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

तोंड धुऊन काकांकडे गेले आणि कुंकू मागितलं.

“आता कशाला?”

“तुमचंच बरोबर होतं, काका. माझं चुकलं.”

त्यांनी खिशातून पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

“सोमवारी परत घासू नका,” ते म्हणाले.