बोरीच्या काट्यांतली आमरी

शाळेतून निवृत्त झाले आणि मी कॅमेरा घेतला. नवरा म्हणाला, "बरं झालं, घरातली बोलणी तेवढीच कमी होतील."

हिंगणीच्या पुढे जंगलाच्या काठाला पडीत आहे. तिथं पांढरी आमरी, म्हणजे जमिनीत उगवणारं ऑर्किड, येते, असं एका वनमजुरानं सांगितलं होतं. दोन श्रावण मी नुसता चिखल तुडवला. तिसऱ्या श्रावणात ती सापडली. अख्ख्या पडीतात एकच, गुडघ्याएवढी, झालरीच्या पाकळ्यांची. मी चिखलात पालथी पडले. गवताची पाती फोटोत आडवी येत होती, म्हणून गवत उपटून हातभर जागा साफ केली. फोटो झकास आला.

दहा दिवसांनी शेंगा धरल्या का ते बघायला गेले. बी पडलं नाही तर इथली आमरी संपलीच, एवढं मला कळत होतं. जाऊन बघते तर नुसता बुडखा, आणि दोन पावलांवर शेळ्या. माझं डोकंच फिरलं. शेळ्या राखणारी गोंड आजी झाडाखाली बसली होती. तिच्यावरच ओरडले, "तुमच्या शेळ्यांनी सत्यानाश केला!"

ती शांतपणे उठून आली. "मॅडम, माह्या शेळ्या सालोसाल इथूनच जाऊन राह्यल्या. त्याईले कधी दिसलं नाई. औंदाच काऊन दिसलं? इथलं गवत कोनं उपटलं?"

आयुष्यभर पोरांना जाब विचारणारी मी, मलाच कबूल करावं लागलं, "मीच उपटलं." लाजेनं मेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पाहिलं. बोटानं माती उकरून ती म्हणाली, "रडता काऊन? खाली कांदा जित्ता हाये." मग तिनं बोरीच्या काट्या तोडून बुडख्याभोवती गोल रचल्या. "आता हात लावू नका. गवतालेबी नाई."

ते वर्ष मी धाकधुकीतच काढलं. पुढच्या श्रावणात गेले तेव्हा काट्यांच्या आत गवत माजलं होतं. वाकून वाकून पाहिलं. आणि मायबाई, होती! पाच फुलं! कॅमेरा लावला, तर नेमकी एक काटी फुलाच्या आड. सवयीनं हात पुढे गेला, तो मीच मागे घेतला. आडव्या काटीसकट फोटो काढला. महिन्याभरानं शेंगाही धरलेल्या दिसल्या. मी एकटीच हसत उभी राहिले.

फोटोची छापील प्रत आजीला नेऊन दिली. माझा नवरा म्हणाला होता, "काट्यांनी सगळा विचका केला." आजीनं फुलाकडे पाहिलंच नाही. काटीवर बोट ठेवून म्हणाली, "हे माही."

मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "गवत उपटलं नाई ना?"

"एक पातं नाही."

"मंग येजा पुढच्या सालीबी."