सासऱ्यांसाठी लांबची लेन्स

१७ मे २००४ रोजी एनोसाच्या बँक खात्यात ६,८४० डॉलर जमा झाले. ब्रिस्बेनच्या कला मंडळाने त्याला दिलेले हे अनुदान होते आणि ते कशासाठी, हे मंजुरीत स्पष्ट होते: छायाचित्रणाची साधने. एक कॅमेरा, एक फ्लॅश आणि एक लांब पल्ल्याची लेन्स. तिन्हींत लेन्सच सर्वांत महाग होती.

मंडळाच्या ब्रॉनी हार्टिगन बाईंनी त्याला फोनवर विचारलेही होते, की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे टिपायचे तर इतकी लांबची लेन्स कशाला लागते? एनोसाने नाचाचे कारण सांगितले. नाच अंधार पडल्यावर असतो, मध्ये माणसांची गर्दी असते. हे खोटे नव्हते. खरे कारण मात्र बादू बेटावर आंब्याखाली खुर्ची टाकून बसलेले असायचे. ते म्हणजे त्याचे सासरे.

एनोसा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या थर्सडे बेटावर राहायचा आणि हॉर्न बेटाच्या फेरीबोटीवर दोर बांधण्याचे, सामान चढवण्या-उतरवण्याचे काम करायचा. शनिवार-रविवार मात्र तो फोटोवाला असे. कोणाच्या दगडाचे कापड काढायचे असले की त्याला बोलावणे यायचे. माणूस पुरल्यानंतर दोन-चार वर्षांनी, पैसे जमले की, कबरीवर दगड बसतो. तो कापडात गुंडाळून ठेवतात, त्यावर नोटा आणि भेटी टाचतात, आणि सगळ्या नातलगांसमोर तो उघडतात. मग जेवण आणि नाच. तोवर गेलेला माणूस पुरता गेलेला नसतो. दगडावर बहुधा चेहराही कोरलेला असतो, आणि आसपासच्या बेटांवर असे कितीतरी चेहरे एनोसाच्या फोटोंवरून कोरले गेले होते.

पण समुद्रावरच्या हवेत कॅमेरा टिकत नाही. त्याच्या जुन्या लेन्सच्या आत बुरशी शिरली होती आणि प्रत्येक फोटोवर पांढरट साय धरल्यासारखी दिसायची. लोक चालवून घेत. एका म्हातारीने तर स्वतःचा फोटो पाहून म्हटले होते, बरं झालं, मी आत्ताच ढगात पोचलेय, पुढचा प्रवास वाचला.

आता सासऱ्यांचे. जुन्या वळणाच्या घरांत जावई सासऱ्याच्या तोंडावर बोलत नाही, त्याचे नाव घेत नाही, त्याच्या वाटेत उभा राहत नाही. एनोसाचे घर तसे, त्याच्या बायकोचे, झिपोराचे, माहेर त्याहून तसे. लग्नाला बावीस वर्षे होत आली होती, आणि जावई-सासरे आंब्याच्या दोन बाजूंना अर्धे पाठमोरे बसून एकमेकांना सगळे काही सांगत आले होते, ते घरच्या कुत्र्यामार्फत; आधीची कुत्री गेली, आता स्किपर होता. म्हातारा तरुणपणी मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारणारा, जिभेचा तिखट. मासे कमी आले तरी तो कुत्र्याला बोलायचा, भात करपला तरी कुत्र्यालाच.

आदल्या नाताळात तो कुत्र्याला म्हणाला, "स्किपर, त्या फोटोवाल्याला विचार. सगळ्या बेटांची तोंडं काढलीस. माझ्या दगडावर काय कासव चिकटवणार?"

एनोसाही कुत्र्यालाच म्हणाला, "सांग त्यांना, स्किपर, तोंड काढायचं म्हणजे समोर उभं राहावं लागतं. मी कसा राहू?"

"मग लांबून काढ म्हणावं. शिंपला काय हात लावल्यावर दिसतो का? मला वरून दिसायचा."

झिपोरा चुलीपाशी हसत होती. तिने मध्ये पडून एनोसाचा जुना कॅमेरा घेतला आणि बापासमोर उभी राहून एक फोटो काढला. धुऊन आला तेव्हा त्यात खुर्ची होती, टोपी होती, आणि टोपीखाली धुके. म्हाताऱ्याने तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, आणि हा मी नव्हे, हा पाऊस आहे, असे म्हणून परत दिला.

त्या रात्री एनोसाने अर्ज करायचे ठरवले. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, होड्यांच्या मागे उभे राहायचे. म्हातारा आंब्याखाली, मध्ये सगळी वाळू. कोणी कोणाच्या समोर नाही, कोणाचा मान मोडला नाही, आणि चेहरा मात्र सुरकुतीसकट. अर्ज भरायला झिपोराची मदत झाली. मंजुरी आल्याचे तिने बापाला कळवले, तर त्याने निरोप पाठवला की मग मी दाढी करून ठेवतो.

पैसे आले, पण लेन्स ब्रिस्बेनच्या दुकानात नव्हती. परदेशातून यायला सहा आठवडे लागणार होते. एनोसाने नाव नोंदवले आणि पैसे खात्यातच ठेवले. वस्तू दुकानात आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, हा मंडळाचाच नियम होता.

जूनमध्ये सासऱ्यांचे पाय सुजले. मूत्रपिंडे थकली होती. त्यांना मुख्य भूमीवर, केर्न्सच्या इस्पितळात नेले. एनोसा रजा टाकून गेला, पण खाटेजवळ जायचा तो पडद्याच्या अलीकडेच थांबायचा. म्हातारा छताकडे बघत विचारायचा, स्किपर आलाय का? एनोसा पडद्याआडून म्हणायचा, आलाय. दुकानात ती वस्तू आली का, हा पुढचा प्रश्न. अजून नाही, असे स्किपर सांगायचा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात म्हातारा गेला.

घरच्या रक्ताच्या माणसांनी अशा वेळी बसून रडायचे असते. बाकी सगळे मारिगेट करतात. मारिगेट म्हणजे सोयरे. निरोप धाडायचे त्यांनी, खड्डा खणायचा त्यांनी, स्वयंपाक त्यांचा, खर्च त्यांचा, आणि सर्वांत थोरल्या जावयाने पुढे उभे राहायचे. थोरला जावई एनोसा होता. बादूला जाणाऱ्या नेहमीच्या विमानात शवपेटी घेण्याइतकी जागा दहा दिवस नव्हती. स्वतंत्र विमान करायचे तर पैसे आधी भरायचे. बादूवर तोवर खड्डा खणायला माणसे जमली होती, रताळी नारळाच्या दुधात शिजत होती.

एनोसा केर्न्सच्या बँकेत गेला आणि जवळजवळ सगळे अनुदान काढून विमानवाल्याला दिले. उरलेले पेटीत आणि पिठा-तांदळात गेले. त्याला विचार करावा लागला नाही. पुढे लोकांनी विचारले तेव्हाही तो एवढेच म्हणायचा, की खात्यात पैसे होते.

ऑगस्टमध्ये दुकानातून फोन आला की लेन्स आली. एनोसाने ती दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितले.

सप्टेंबरमध्ये हार्टिगन बाईंचा फोन आला. पावत्या हव्या होत्या. एनोसाने काही लपवले नाही.

"पैसे सासऱ्यांना घरी आणण्यात गेले," तो म्हणाला.

"आजारी आहेत का ते?"

"नाही. गेले होते."

बाई मनाने चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, साधनांचे पैसे साधनांवरच खर्ची पडायला हवेत, तिथे माझा इलाज नाही. पण मुदत मी डिसेंबरपर्यंत वाढवून देते. तोवर घरच्यांकडून पैसे घे, कॅमेरा-लेन्स घे, पावत्या पाठव, कोणी काही विचारणार नाही.

ही सोय झिपोराच्या भावाला, उरियाला, कळली. तो आपल्या नावेने थर्सडे बेटावर आला, फेरीच्या धक्क्यावर एनोसाला गाठले आणि म्हणाला की कोळंबीच्या हंगामाचे पैसे माझ्याकडे आहेत, विमानाचे तेवढे मी देतो. एनोसा दोर गुंडाळत राहिला. मारिगेट खर्च परत घेत नाही. परत घेतला तर ते उसने दिल्यासारखे झाले, सासऱ्याला उसन्या पैशांवर घरी आणल्यासारखे. उरियालाही हे माहीत होते, म्हणूनच तो जोर करून बोलला नाही.

"तुला कॅमेरा मिळाला असता रे बाला," भावाला हाक मारतात तसे तो म्हणाला.

"कोणासाठी?" एनोसाने विचारले.

मंडळाने शेवटी परतफेडीचे हप्ते बांधून दिले, दर पंधरवड्याला ६४ डॉलर. ते पगारातून जाऊ लागले. जुना कॅमेरा एनोसाने कपाटावर टाकला. बोलावणी आली की तो दुसऱ्या एका पोराचे नाव सुचवायचा, ज्याच्याकडे चांगला कॅमेरा होता.

२००८ च्या सप्टेंबरात सासऱ्यांचा दगड उघडायचे ठरले. दगड केर्न्सच्या कारागिराकडून यायचा होता. त्याने चेहऱ्याचा फोटो मागितला. घरात एकच होता, झिपोराने काढलेला. तो पाठवला. कारागिराने परत पाठवला आणि फोनवर म्हणाला की यात कोरण्यासारखे काही नाही, दुसरा असला तर बघा, नाहीतर एखादे चित्र निवडा.

त्या संध्याकाळी ताटे उचलता उचलता झिपोरा म्हणाली, "चार पावलं पुढे यायचं होतंस. पडद्याच्या आत. मी कॅमेरा पिशवीत आणला होता, तुला माहीत होतं."

"धुकंच आलं असतं."

"आलं असतं तर आलं असतं. तू काढलेलं आलं असतं." मग थोड्या वेळाने, "ते दाढी करून बसले होते, एनोसा. रोज. नर्सकडून करून घ्यायचे."

एनोसाला हे माहीत नव्हते. पडद्याअलीकडून ते दिसत नव्हते. तो बराच वेळ टेबलाशी बसून राहिला, आणि झिपोराने दिवा घालवला तरी उठला नाही.

उरियाने कासव निवडले. बापाचे ते आवडते होते, त्याहून जास्त त्याला सुचले नाही. ठरल्या दिवशी दगडावरच्या निळ्या कापडावर नोटा टाचलेल्या होत्या, पाद्रींनी प्रार्थना म्हटली, आणि थोरला जावई म्हणून कापडाचे टोक एनोसाच्या हातात दिले. कापड घसरले. काळ्या दगडावर नाव होते, जे एनोसाने कधी उच्चारले नव्हते, आणि नावाच्या वर पोहणारे कासव. माणसांत कोणीतरी हसले, कारण म्हाताऱ्याचे ते बोलणे तोवर सगळ्या बादूला पाठ झाले होते. मग हसणारेच रडू लागले.

एनोसा पहिल्यांदाच सासऱ्यांच्या अगदी समोर उभा होता. मान खाली घालून तो दोन पावले बाजूला सरकला.

ढोल वाजायला लागल्यावर तो नाचात गेला नाही. आंब्याखाली खुर्ची नव्हती. म्हातारा झालेला स्किपर तिथे झोपला होता, एनोसा त्याच्या शेजारी बसला. सांगायला काहीतरी होते, पण कुत्र्याला ऐकू येत नव्हते आता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या नावेने तो थर्सडे बेटावर परतला, कारण सोमवारची पाळी होती. त्या पंधरवड्याचा हप्ता नेहमीप्रमाणे कापला गेला.

कला मंडळाचे एनोसाकडून १८४ डॉलर येणे बाकी आहे.